कॉलम टेबलात आहे, यादीत नाही: एसक्यूएल एडिटरची शिळी ऑटोकम्प्लीट ताजी कशी करायची

ऑक्टोबर संपत आला की साखर कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हंगामाची कामं निघतात. ऊस मजुरांनी तोडला की मशीननं, हे वजनाच्या पावतीवर नोंदवायचं ठरतं आणि वजन_पावती या टेबलात तोडणी_प्रकार नावाचा नवा कॉलम पडतो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एडिटरमध्ये टेबलाच्या अलियासपुढे, म्हणजे क्वेरीत टेबलाला दिलेल्या छोट्या नावापुढे, टिंब देतो. यादी उघडते. पावती_क्रमांक आहे, गाडी_क्रमांक आहे, निव्वळ_वजन आहे, तोडणी_प्रकार नाही. हातानं टाइप केलं तर खाली लाल नागमोडी रेघ. क्वेरी चालवली तर मात्र सगळ्या ओळी बिनबोभाट येतात.

इथं सर्व्हर बरोबर आहे आणि एडिटरही त्याच्या परीनं बरोबरच आहे. तलाठ्याकडं फेरफार मंजूर झाला तरी तुमच्या फायलीतली सातबाऱ्याची नक्कल आपोआप बदलत नाही, तसा हा प्रकार. एडिटर डेटाबेसला जोडला जातो तेव्हा टेबलं, कॉलम, प्रोसिजर यांची नावं एकदा वाचून स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि पुढं टाइप करताना त्याच नकलेतून सुचवतो. प्रत्येक अक्षराला सर्व्हरला विचारत बसला तर टाइप करणं मुश्किल होईल. सर्व्हरही ‘कॉलम वाढवला’ असं कुणाला कळवायला जात नाही. तेव्हा नवी नक्कल काढायची. पण त्याआधी नक्कल खरंच जुनी आहे, की आपण भलत्याच गट नंबरचा उतारा हातात धरलाय, हे बघायचं.

खाली मुख्य माहिती एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओची, म्हणजे एसएसएमएसची आहे, कारण कारखाने, दूध संघ आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची बरीच जुनी सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर आहेत. बाकीच्या एडिटरांचं शेवटी थोडक्यात आहे. कमांड आणि मेनूची नावं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही तशीच करायची. टेबलांची नावं उदाहरणापुरती.

आधी क्वेरी चालवून बघा

लाल रेघ हा एडिटरचा अंदाज आहे. क्वेरी चालवताना सर्व्हर त्या रेघेकडं बघतही नाही. म्हणून पहिलं काम एफ५ दाबायचं. अपडेट किंवा डिलीट असेल तर अर्थातच तसं करायचं नाही. त्याच कॉलमची ‘सिलेक्ट टॉप १’ वेगळी लिहून चालवायची.

ओळी आल्या तर कॉलम आहे आणि यादी शिळी आहे. मेसेज २०७ आला, म्हणजे इनव्हॅलिड कॉलम नेम, किंवा २०८ आला, म्हणजे इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम, तर हे एडिटर नव्हे, खुद्द सर्व्हर सांगतोय. अशा वेळी यादी कितीही ताजी केली तरी उपयोग शून्य.

२०७-२०८ आले की आधी बघायचं ते विंडो कुठल्या डेटाबेसवर आहे. नवी क्वेरी विंडो लॉगिनच्या डीफॉल्ट डेटाबेसवर उघडते आणि तो बऱ्याचदा मास्टर असतो. वर टूलबारवरच्या डेटाबेसच्या ड्रॉपडाउनवर कंट्रोल + यू नं जाता येतं. खालच्या पट्टीवर सर्व्हर, लॉगिन आणि डेटाबेस तिन्ही लिहिलेले असतात; ती पट्टी वाचायची सवय फार कमी जणांना असते. खात्री हवी असेल तर ‘सिलेक्ट @@सर्व्हरनेम, डीबी_नेम()’ चालवा. टेस्टिंगच्या सर्व्हरवर कॉलम टाकलेला आणि विंडो लाइव्हवर, किंवा उलट, हा घोटाळा शिळ्या यादीइतकाच नेहमीचा आहे आणि जास्त महागात जाणारा.

डेटाबेस बरोबर असेल तर टेबलाचं नाव निवडून ऑल्ट + एफ१ दाबा. ही एसपी_हेल्पची शॉर्टकट आहे. टेबलात या घडीला जे कॉलम आहेत ते सर्व्हरकडून येतात, एडिटरच्या नकलेतून नाही. एक खोच आहे. स्कीमासकट, म्हणजे टेबल ज्या गटात आहे त्याच्या नावासकट, ‘डीबीओ डॉट वजन_पावती’ असं निवडलं तर टिंबापाशी सिंटॅक्स एरर येते, कारण हे नाव एसपी_हेल्पपुढं अवतरणाशिवाय जाऊन पडतं. नुसतं नाव निवडा, किंवा पूर्ण नाव एकेरी अवतरणात टाका.

यादी ताजी करणं

कर्सर क्वेरी विंडोत ठेवून कंट्रोल + शिफ्ट + आर. मेनूतून जायचं असेल तर एडिट, मग इंटेलिसेन्स (एसएसएमएसमधल्या ऑटोकम्प्लीटचं नाव), मग रिफ्रेश लोकल कॅश. यावर ‘झालं’ असा निरोप येत नाही, म्हणून लोक लागोपाठ पाच वेळा दाबतात. तसं करू नका. नावं मागवण्याचं काम मागं चालू असतं. शे-दोनशे टेबलांना क्षणभर पुरतो, हजारो ऑब्जेक्ट असतील किंवा राजारामपुरीतल्या ऑफिसातून व्हीपीएनवरनं तालुक्यातल्या कारखान्याच्या सर्व्हरला जोडलं असेल तर जास्त वेळ लागतो. थोडं थांबा, टिंबापुढं जाऊन कंट्रोल + स्पेस दाबा. रेघ रेंगाळली तर त्या ओळीत एखादी स्पेस टाका. मजकूर बदलला की एडिटर तो पुन्हा तपासतो.

सगळ्यात जास्त गैरसमज ऑब्जेक्ट एक्सप्लोररचा. डावीकडच्या झाडात राइट क्लिक करून रिफ्रेश केलं, नवा कॉलम तिथं दिसला, आणि तरी विंडोत सुचत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या. झाडाची यादी वेगळी आणि इंटेलिसेन्सची वेगळी. एक ताजी केली म्हणून दुसरी होत नाही. ऑल्टर टेबल तुम्ही स्वतः त्याच विंडोतून चालवलं असलं तरी इंटेलिसेन्स आपण होऊन दखल घेत नाही.

कंट्रोल + शिफ्ट + आर दाबून काहीच हलत नसेल तर मेनूतून करून बघा. मेनूतून होतंय आणि कीबोर्डवरून नाही, याचा अर्थ दुसऱ्या कुठल्या ॲड-इननं ती शॉर्टकट घेतली आहे. टूल्स, ऑप्शन्स, एन्व्हायरन्मेंट, कीबोर्ड इथं जाऊन ती परत बांधता येते. रेडगेटचं एसक्यूएल प्रॉम्प्ट बसवलेलं असेल तर सुचवण्या त्याच्या असतात आणि त्याची नक्कलही वेगळी. तिथं रिफ्रेश सजेशन्सची शॉर्टकट कंट्रोल + शिफ्ट + डी आहे.

यादी उघडतच नसेल तर

जुनं सुचवणं आणि काहीच न सुचवणं ही दोन वेगळी दुखणी. दुसऱ्याची कारणं भराभर तपासता येतात.

क्वेरी मेनूत ‘इंटेलिसेन्स एनेबल्ड’ चालू आहे का बघा. चुकून दाबून बंद झालेलं असतं. त्याच मेनूत ‘एसक्यूएलसीएमडी मोड’ चालू असेल तर इंटेलिसेन्स मुद्दाम बंद राहतो. मग टूल्स, ऑप्शन्स, टेक्स्ट एडिटर, ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल, इंटेलिसेन्स. इथं चालू-बंदच्या खुणेशिवाय ‘मॅक्सिमम स्क्रिप्ट साइझ’ आहे, मूळ सेटिंग १ एमबी. सभासदांच्या हजारो इन्सर्ट ओळी एकाच फायलीत ओतलेल्या असल्या की ही मर्यादा ओलांडली जाते आणि इंटेलिसेन्स गप्प बसतो. मर्यादा वाढवता येते, पण मग टाइप करताना एडिटर अडखळतो. डेटाची फाइल वेगळी आणि क्वेरीची वेगळी ठेवणं जास्त सुखाचं.

सर्व्हर नवा आणि एसएसएमएस फार जुनं असेल तरी सुचवण्या बंद पडतात. ही सोय एसएसएमएसमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून आली आणि ऑफिसातल्या एखाद्या मशीनवर अजून त्या काळातलं एसएसएमएस सापडतं. सर्व्हर न बदलताही एसएसएमएस नवं टाकता येतं, ते फुकट आहे. २०२५ मध्ये आलेल्या २१ व्या आवृत्तीपासून ते व्हिज्युअल स्टुडिओ इन्स्टॉलरमधून अपडेट होतं.

मग परवानगी. ज्या लॉगिनला फक्त प्रोसिजर चालवायची मुभा आहे त्याला टेबलांची नावंच दिसत नाहीत. ज्यावर काही हक्क नाही त्याचा मेटाडेटा, म्हणजे नाव आणि रचनेची माहितीही, सर्व्हर दाखवत नाही. एकाच टेबलावर एकाला सुचतं आणि दुसऱ्याला नाही, यामागं बहुतेक हेच. उपाय म्हणून सरसकट सिसॲडमिन, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे हक्क, देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती वाईट. ‘ग्रँट व्ह्यू डेफिनिशन ऑन स्कीमा::डीबीओ टू’ आणि युजरचं नाव, एवढं पुरतं. यानं नावं आणि रचना दिसते, डेटा दिसत नाही. प्रोसिजरचा कोडही वाचता येतो मात्र, तेव्हा बाहेरच्या ऑडिटरच्या लॉगिनला देताना एकदा विचार करा. दिल्यावर त्या माणसानं यादी ताजी करायची.

लिहिण्याच्या पद्धतीमुळं अडतं ते

एडिटरला अलियास कशाचा आहे हे कळल्याशिवाय तो कॉलम सुचवू शकत नाही. ‘सिलेक्ट व डॉट’ इथवर लिहून थांबलात तर ‘व’ म्हणजे कोण, हे त्याला अजून माहीत नाही. आधी ‘सिलेक्ट फ्रॉम डीबीओ डॉट वजन_पावती व’ लिहा, जॉइन पुरे करा, आणि मग मागं येऊन कॉलम भरा. शिळ्या यादीची अर्धी तक्रार एवढ्यानंच मिटते.

विंडोत वर कुठंतरी अवतरण उघडं राहिलं असेल किंवा बिगिनला एंड नसेल, तर खालचं सगळं एडिटरला भरकटलेलं दिसतं. वरचा कचरा तात्पुरता कॉमेंट करून बघा. स्ट्रिंगमध्ये जुळवलेल्या डायनॅमिक क्वेरीत आणि लिंक्ड सर्व्हरच्या चार भागांच्या नावात सुचवणीची आशा धरू नका.

एक प्रकार रेघेसारखा दिसतो पण रेघेचा नसतो. एकाच स्क्रिप्टमध्ये वर ऑल्टर टेबलनं तोडणी_प्रकार टाकला आणि खाली लगेच तो अपडेट केला. रेघ येते, ती शिळी समजून एफ५ दाबला तर खराच मेसेज २०७ येतो आणि कॉलमही पडलेला नसतो. कारण सर्व्हर पूर्ण बॅच, म्हणजे एकदम पाठवलेल्या सगळ्या ओळी, आधी तपासतो. टेबलच नसेल तर त्याची तपासणी तो पुढं ढकलतो, पण टेबल आहे आणि कॉलम नाही म्हटल्यावर तिथंच थांबतो. दोन्हींच्या मध्ये स्वतंत्र ओळीवर ‘गो’ टाका. स्क्रिप्ट चालते, रेघ यादी ताजी करेपर्यंत तशीच राहील, तिच्याकडं दुर्लक्ष करा.

व्ह्यू शिळा असेल तर गंमत नाही

इथवरच्या सगळ्यात नुकसान फक्त वेळेचं होतं. व्ह्यूचं, म्हणजे नाव देऊन सर्व्हरवर ठेवलेल्या आणि टेबलासारख्या वापरता येणाऱ्या क्वेरीचं, तसं नाही.

वजन_पावतीवर ‘सिलेक्ट *’ लिहून व्ह्यू केलेला आहे आणि हंगामाचे सगळे रिपोर्ट त्या व्ह्यूवर आहेत. टेबलात कॉलम वाढवला. कंट्रोल + शिफ्ट + आर केलं, एसएसएमएस बंद करून उघडलं, मशीनसुद्धा रीस्टार्ट केलं. टेबलापुढं कॉलम सुचतो, व्ह्यूपुढं नाही. कारण इथं नक्कल एडिटरकडं नाही, सर्व्हरकडंच शिळी आहे. व्ह्यू तयार झाला त्या दिवशी ताऱ्याच्या जागी कोणते कॉलम होते त्यांची नावं सर्व्हरनं लिहून ठेवली, आणि टेबल बदललं म्हणून ती नोंद बदलत नाही.

नुसता नवा कॉलम दिसला नाही तर फार बिघडत नाही. पण समजा टेबलात क्रमानं पाच कॉलम होते: पावती_क्रमांक, गाडी_क्रमांक, ढोबळ_वजन, रिकामं_वजन, निव्वळ_वजन. रिकामं वजन आता वेगळ्या टेबलात ठेवायचं म्हणून तो कॉलम काढला आणि शेवटी तोडणी_प्रकार टाकला. कॉलमांची संख्या पुन्हा पाचच. व्ह्यू चालवला तर एरर येत नाही. जुनी पाच नावं नव्या पाच कॉलमांवर क्रमानं बसतात: रिकामं_वजन या मथळ्याखाली निव्वळ वजन येतं आणि निव्वळ_वजन या मथळ्याखाली तोडणीचा कोड, १ किंवा २. अठरा टनांच्या गाडीचं बिल एक टनाचं निघेल आणि क्वेरीत शोधून चूक सापडणार नाही. फक्त कॉलम काढला आणि नवा टाकला नाही तर निदान मेसेज ४५०२ येऊन व्ह्यू बंद तरी पडतो, ते परवडलं.

उपाय: ‘एक्झेक एसपी_रिफ्रेशव्ह्यू’ आणि पुढं एकेरी अवतरणात स्कीमासकट व्ह्यूचं नाव. त्यासाठी त्या व्ह्यूवर ऑल्टरचा हक्क लागतो. व्ह्यूवर व्ह्यू असतील तर आधी टेबलाला लागून असलेला, मग त्याच्या वरचा, याच क्रमानं. उलट केलं तर वरचा व्ह्यू शिळाच राहतो. त्यानंतर एडिटरची यादी ताजी करा, कारण तिनंही व्ह्यूचे जुने कॉलम धरून ठेवलेले असतात. स्कीमाबाइंडिंग असलेल्या व्ह्यूंना हे लागत नाही. त्यांत तारा लिहूच देत नाहीत आणि ते वापरत असलेला कॉलम परस्पर काढूही देत नाहीत. कायमचा इलाज म्हणाल तर व्ह्यूत तारा लिहू नये, कॉलमांची नावं लिहावीत.

पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएलमध्येही व्ह्यूतला तारा तयार करतानाच उलगडून गोठवला जातो, म्हणून नवा कॉलम तिथंही दिसत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू’नं तो जोडता येतो, पण फक्त यादीच्या शेवटी, मधे घुसवायचा तर व्ह्यू पाडून पुन्हा करावा लागतो.

रिफ्रेश अडकून बसलं तर

यादी ताजी करायला गेलं की एडिटर गोठतो, ऑब्जेक्ट एक्सप्लोररमध्ये टेबलांचा फोल्डर उघडेना आणि एरर १२२२ येते, लॉक रिक्वेस्ट टाइम आउट. कुणीतरी बिगिन ट्रान्झॅक्शन करून ऑल्टर टेबल चालवलंय आणि कमिट न करता जेवायला गेलंय. रचना बदलताना टेबलाच्या माहितीवर जे कुलूप लागतं ते नावं वाचणाऱ्यालाही थांबवतं. नवा कॉलमही कमिट होईपर्यंत दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

‘एसपी_हू२’ चालवा आणि ब्लॉकबाय या कॉलमात आकडा असलेल्या ओळी बघा. तो आकडा अडवणाऱ्या सेशनचा. त्याच ओळींमधून साखळीच्या मुळाशी जा, ज्याला स्वतःला कुणी अडवलेलं नाही तो खरा धनी. ‘डीबीसीसी ओपनट्रॅन’ सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन दाखवतं. त्या माणसाला फोन करून कमिट किंवा रोलबॅक करायला सांगा. किल हा शेवटचा मार्ग. मोठं काम अर्ध्यात असेल तर रोलबॅकला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि काट्यावर ट्रॅक्टर उभे असताना तो वेळ कुणाकडं नसतो.

बाकीचे एडिटर

व्हीएस कोडमध्ये एमएसएसक्यूएल एक्स्टेंशन असेल तर कंट्रोल + शिफ्ट + पी दाबून ‘रिफ्रेश इंटेलिसेन्स कॅश’ शोधा. फाइलची भाषा एसक्यूएल निवडलेली हवी, नाहीतर काहीच सुचणार नाही. ॲझ्युर डेटा स्टुडिओतही याच नावाची कमांड आहे, पण मायक्रोसॉफ्टनं त्याचा पाठिंबा २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच ठेवला, तेव्हा नव्यानं त्यावर जाऊ नका.

डीबीव्हरचं एसएसएमएसच्या उलट: डावीकडचं झाड आणि सुचवणी एकाच नकलेवर चालतात. झाडात स्कीमा किंवा टेबल निवडून एफ५ दाबलं की काम झालं. तरी अडलं तर कनेक्शनवर राइट क्लिक करून ‘इनव्हॅलिडेट/रीकनेक्ट’. डेटाग्रिप स्वतःच्या कन्सोलमधून चालवलेल्या बदलांची दखल आपण होऊन घेतं, बाहेरून झालेल्यांची नाही. डेटा सोर्स निवडून कंट्रोल + एफ५. एखादा स्कीमा मुळीच सुचत नसेल तर डेटा सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कीमाज टॅबवर त्याला टिक आहे का बघा.

मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये स्कीमाज या मथळ्याशेजारी बाणाचं छोटं चिन्ह आहे, ते दाबायचं. डेटाबेसवर डबल क्लिक करून तो ठळक झाला पाहिजे, नाहीतर कुठल्या डेटाबेसची टेबलं सुचवायची हे त्याला ठरवता येत नाही. कमांड लाइनवरच्या मायएसक्यूएल क्लायंटमध्ये ‘रीहॅश’ ही कमांड आहे. क्लायंट लवकर उघडावा म्हणून कुणी मोठ्या ए चा पर्याय लावून सुरू केला असेल तर टॅबनं काहीच पूर्ण होत नाही. तिथंही ‘रीहॅश’ केलं की नावं येतात.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीएसक्यूएल या कमांड लाइन क्लायंटमध्ये शिळेपणाचा प्रश्न जवळपास येत नाही, कारण टॅब दाबला की ते दर वेळी सर्व्हरलाच विचारतं. पीजीसीएलआय मात्र नक्कल ठेवतं. तिथं बॅकस्लॅश आणि ‘रिफ्रेश’. टेबल असून सुचत नसेल तर ‘शो सर्च_पाथ’ चालवून टेबलाचा स्कीमा त्यात आहे का पाहा. नसेल तर स्कीमाचं नाव आधी लिहा, म्हणजे टिंबापुढं यादी उघडेल.